तोंडाची वाफ किती दवडणार?

'शब्दबंबाळ', 'पाल्हाळीक', 'पोकळ', 'फेकू'... फुगवलेल्या बोलण्यासाठी मराठीत एक नाही, डझनभर शब्द आहेत. कुठला शब्द कुठे वापरायचा? आणि त्यातला कुठला आपल्यालाच लागू होतो?

फेस्टच्या उद्घाटनाची वेळ साडेदहाची होती. आता पावणेबारा वाजलेत. ऑडिटोरियमचे पंखे नुसतेच आवाज करतायत. प्रमुख पाहुणे माईकपाशी येतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "मी तुमचा फार वेळ घेणार नाही." हे वाक्य ऐकलं की शेवटच्या रांगेतली अनुभवी मंडळी आधी मोबाइलची बॅटरी किती उरलीय ते बघतात.

मग सुरू होतं. युवाशक्ती, एकविसावं शतक, बदलाचे वारे, संघर्षाची मशाल, यशाचं शिखर. चाळीस मिनिटं. टाळ्या. बाहेर कँटीनमध्ये उशिरा आलेला मित्र विचारतो, "कसं झालं भाषण?" तुम्ही म्हणता, "भारी बोलले रे." तो विचारतो, "काय बोलले?"

आणि तुम्हाला एक वाक्य आठवत नाही.

या प्रकाराला काय म्हणायचं? हॉस्टेलवर कोणी 'फुल गॅस' म्हणेल. इंग्रजी मीडियमवाले 'बॉम्बॅस्टिक' म्हणतील. मुंबईत 'बोलबच्चन' हा शब्द आधीपासून होताच, 2012 साली त्याच नावाचा सिनेमा आला आणि तो सगळीकडे पोचला. पण आजीला विचारा. ती एका दमात पाच-सहा शब्द काढेल, आणि गंमत म्हणजे त्या प्रत्येकाचा अर्थ थोडा थोडा वेगळा असेल. आजचा लेख त्या 'थोडा थोडा वेगळा'बद्दल आहे.

कापूस, ढोल आणि घोडा

आधी जरा या शब्दांच्या पोटात डोकावू या, कारण तिथे मजा आहे.

'बॉम्बॅस्टिक'मधला बॉम्बॅस्ट म्हणजे मुळात चक्क कापूस! बॉम्बशी त्याचा काही संबंध नाही. सोळाव्या शतकात युरोपातले लोक अंगरख्याच्या बाह्यांत, छातीशी कापूस ठासून भरत. माणूस होता त्यापेक्षा रुंद दिसायचा. पुढे कापूस भरून फुगवलेल्या भाषेलाही तेच नाव पडलं. म्हणजे पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर बॉम्बॅस्टिक बोलायला लागलं, तर मनातल्या मनात उशी आठवा.

आपल्याकडचं 'अवडंबर' घ्या. 'उगाच अवडंबर माजवू नकोस' असं घरी ऐकलंच असेल. हा शब्द संस्कृतातल्या 'आडंबर'वरून आला. आडंबर म्हणजे एक प्रकारचा ढोल, आणि त्याचा मोठा आवाजही. त्यावरून 'शब्दावडंबर', म्हणजे शब्दांचा ढोल बडवणं. ढोल मोठा वाजतो तो आतून पोकळ असतो म्हणून, हे वेगळं सांगायला नको.

आणि 'वल्गना'? निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द रोज भेटतो. 'विजयाच्या वल्गना करणारे'... वगैरे. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ उड्या मारणं, घोड्यासारखं उधळणं. घोडा जागच्या जागी नाचतोय, टापा आपटतोय, धूळ उडतेय, पण तो पुढे कुठेच जात नाहीये. पोकळ बढाईचं याहून चांगलं चित्र सापडेल?

कापूस, ढोल, घोडा. तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे. दिसतं खूप, ऐकू येतं खूप, हाती काही लागत नाही. 'तोंडाची वाफ दवडणं' हा आपला वाक्प्रचारही तेच सांगतो.

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका

आता मुद्द्याचं. आपण सरसकट 'बोअर मारतो' म्हणून मोकळे होतो. पण डॉक्टर सगळ्या तापांना एकच गोळी देत नाही ना? तसंच आहे हे. फुगलेल्या बोलण्याचे निदान पाच प्रकार तरी मराठीने वेगळे ओळखलेत.

पहिला प्रकार, फुगलेलं. इथे शब्द आहे 'शब्दबंबाळ'. 'रक्तबंबाळ'मध्ये जसं रक्तच रक्त दिसतं, तसं इथे शब्दच शब्द, आणि आशय कुठेतरी खाली दबलेला. हे विशेषण भाषणाला, लेखाला, कवितेला लागतं. माणसाला सहसा 'शब्दबंबाळ' म्हणत नाहीत. 'त्याचं लिखाण शब्दबंबाळ आहे' हे बरोबर. याचाच भाऊ 'बोजड', पण तो आकाराबद्दल नाही, वजनाबद्दल बोलतो. दोन ओळींचं वाक्यही बोजड असू शकतं. तुमच्या आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टची पहिली ओळ आठवा.

दुसरा, लांबलेलं. त्यासाठी 'पाल्हाळीक'. हे बोलण्यालाही लागतं आणि बोलणाऱ्यालाही. पाल्हाळीक माणूस खोटं बोलत नाही, फुशारकी मारत नाही. त्याला फक्त थांबता येत नाही. बस चुकली हे सांगायला तो सकाळच्या अलार्मपासून सुरुवात करतो. त्याच्यासाठी 'चऱ्हाट लावणं' हाही झक्कास वाक्प्रचार आहे. चऱ्हाट म्हणजे जाडजूड दोर, वळत बसलं की संपतच नाही. आणि मुख्य विषयाआधीच सगळा वेळ संपला तर? 'नमनाला घडाभर तेल'. वीज नव्हती तेव्हा रात्रीचे खेळ मशाली-दिव्यांवर चालायचे. नुसत्या नमनातच घडाभर तेल जळून गेलं, तर खेळ काय अंधारात बघणार? पाहुण्यांच्या परिचयातच अर्धा तास खाणाऱ्या प्रत्येक सूत्रसंचालकाच्या वहीवर हे लिहून ठेवायला हवं.

तिसरा, बढाई. इथे विषय स्वतः बोलणाराच असतो. 'फुशारकी मारणं', 'शेखी मिरवणं', 'टेंभा मिरवणं', 'वल्गना करणं'. पण यांतही फरक आहे बरं का. फुशारकी बहुतेक वेळा केलेल्या गोष्टीची असते, 'मी एका रात्रीत सिलॅबस संपवला'. वल्गना मात्र बहुधा पुढे करायच्या गोष्टीची, 'या वेळी करंडक आपलाच'. माणसाला विशेषण लावायचं तर 'बढाईखोर'.

चौथा, थाप. इथे हवा सोडून आपण खोट्याच्या हद्दीत शिरतो. 'थापाड्या', 'बाता मारणं', 'पुड्या सोडणं', आणि आपल्या पिढीचा लाडका 'फेकू'. यातली सर्वात चविष्ट म्हणजे 'लोणकढी थाप'. जागच्या जागी कढवलेली, ताज्या तुपासारखी खमंग. 'सर, असाइनमेंट पेनड्राइव्हमध्ये होती आणि पेनड्राइव्ह लोकलमध्ये राहिला,' ही लोणकढी. पेनड्राइव्ह आता कोण वापरतं, हा प्रश्न सरांना पडेपर्यंत तुम्ही वर्गाबाहेर.

पाचवा, तेच ते. 'दळण', 'गुऱ्हाळ', 'पोपटपंची'. मीटिंग तीन तास चालली आणि ठरलं काहीच नाही, की पेपरात हेडिंग येतं, 'चर्चेचे गुऱ्हाळ सुरूच'. खऱ्या गुऱ्हाळात शेवटी गूळ तरी मिळतो, इथे नुसतं चिपाड. 'पोपटपंची' थोडी वेगळी. तिथे शब्द दुसऱ्याचे असतात, न समजता पाठ केलेले. व्हायव्हामध्ये डेफिनिशन घडाघडा म्हणून दाखवणाऱ्याला मास्तरांनी "म्हणजे काय?" विचारलं, की पोपट उडालाच.

आणि 'पोकळ'? तो या सगळ्यांच्या तळाशी असतो. त्याच्या जोड्या ठरलेल्या आहेत. पोकळ आश्वासन, पोकळ धमकी, पोकळ डौल. 'पोकळ' म्हणताना आपण शैलीला नावं ठेवत नाही. आत काही नाही, एवढंच सांगतो. म्हणून पाल्हाळीक माणसाला घाईघाईने पोकळ म्हणू नका. त्याच्याकडे सांगण्यासारखं असू शकतं, फक्त ते पंचविसाव्या मिनिटाला येतं.

हसण्यावारी नेलं, आणि...

इथवर सगळं गमतीचं आहे. आता एक न गमतीची गोष्ट.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गाची प्रतिनिधी होते. कॉलेजमध्ये गरजू मुलांसाठी एक सहाय्य निधी होता. रक्कम फार मोठी नव्हती, पण हॉस्टेलच्या मेसचं एका सेमिस्टरचं बिल त्यातून निघायचं. त्याची नोटीस आली. पूर्ण एक पान. सुरुवात अशी, 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधित विद्यार्थ्यांना याद्वारे कळविण्यात येते की, विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाप्रती असलेल्या बांधिलकीच्या अनुषंगाने...' अर्जाची शेवटची तारीख चौथ्या परिच्छेदात, एका कंसात होती.

मी त्या पानाचा फोटो काढला, वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःची भर घातली, 'सर्वांनी सदर सूचनेची गांभीर्याने नोंद घ्यावी व उचित कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.' लिहिताना मला फार भारी वाटलं होतं. एकदम ऑफिशियल! तीस-चाळीस अंगठे आले. मी खूश.

माझ्या एका मैत्रिणीला त्या पैशांची सर्वात जास्त गरज होती. तिने फोटो उघडला, तीन ओळी वाचल्या, काहीतरी धोरणाबिरणाची नोटीस असेल म्हणून बंद केला. तारीख गेली. ती ऑफिसात गेली तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, "नोटीस लावली होती की." ते सेमिस्टर तिने शनिवार-रविवारी एका दुकानात काउंटरवर उभं राहून काढलं. मला ती एवढंच म्हणाली, "अगं, तू नुसती तारीख लिहिली असतीस तरी चाललं असतं."

पूर्ण नोटिशीचा अर्थ एका ओळीत मावत होता, 'सहाय्य निधीचा अर्ज शुक्रवारी चार वाजेपर्यंत ऑफिसात द्या, सोबत उत्पन्नाचा दाखला जोडा.' नोटीस लिहिणाऱ्याला ती ओळ सुचली नाही. पण तिच्यापर्यंत शेवटचा मेसेज माझा पोचला होता, आणि त्यातही ती ओळ नव्हती.

तेव्हापासून 'शब्दबंबाळ' हा शब्द मला फक्त विनोदी वाटत नाही. फुगवलेली भाषा ऐकून ज्याला फक्त कंटाळा येतो, त्याचं नशीब चांगलं. कोणाला तरी त्या भाषेतून खरंच काहीतरी हवं असतं, आणि ते त्याला सापडत नाही.

आपण फसतो कसे?

मग प्रश्न पडतो, आपण टाळ्या का वाजवतो? यावर अमेरिकेत एक धमाल प्रयोग झाला होता. 1970 साली मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्याचे शिक्षक अशा शिकल्यासवरल्या लोकांसमोर 'डॉ. मायरन फॉक्स' नावाच्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलं. विषय, गणितातली गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण. हा डॉ. फॉक्स म्हणजे एक नट होता! विषयातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गोलगोल बोलायचं, एकमेकांना छेद देणारी विधानं करायची, मधे मधे विनोद पेरायचे, एवढंच त्याला शिकवलं होतं. श्रोत्यांनी नंतर फॉर्म भरून दिले, आणि बहुतेकांना व्याख्यान आवडलं होतं. 1973 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि 'डॉ. फॉक्स इफेक्ट' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

म्हणजे आवाज, हातवारे आणि आत्मविश्वास यांच्या जोरावर वाफ खपते. ऐकताना खपते. वाचताना?

वाचताना उलटं होतं. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना तोच मजकूर सोप्या शब्दांत आणि विनाकारण अवघड शब्दांत असा वेगवेगळा वाचायला दिला. अवघड शब्द वापरणारा लेखक वाचकांना कमी हुशार वाटला. त्याच अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, निबंध हुशार वाटावा म्हणून तुम्ही शब्द मुद्दाम अवघड करता का? बहुतेकांनी हो म्हटलं. या संशोधनाला 2006 सालचं साहित्याचं इग नोबेल मिळालं. हे पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. ओपनहायमरने स्वतःच्या पेपरचं शीर्षक मुद्दाम तसंच जडजंबाल ठेवलं होतं, हे विशेष.

आता तुमचा रेझ्युमे उघडा. 'रिझल्ट ओरिएंटेड, डायनॅमिक, आउट ऑफ द बॉक्स विचार करणारा टीम प्लेयर.' वाचणाऱ्याला यातून तुमच्याबद्दल काय कळलं? फेस्टला तुम्ही तिकिटांचा हिशेब ठेवलात आणि तो शेवटी जुळला, हे एक वाक्य या सगळ्याला भारी आहे.

पण थांबा, मोठा शब्द म्हणजे वाफ नव्हे

इथे एक गडबड होऊ शकते. हे वाचून कोणी म्हणेल, चला, उद्यापासून सगळं चार अक्षरी! तसं नाही.

शशी थरूर यांनी 2018 मध्ये आपल्या पुस्तकाची घोषणा करताना इंग्रजीतला 29 अक्षरांचा एक शब्द वापरला होता, 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'. देशभर लोकांनी डिक्शनऱ्या काढल्या. पण त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. लांब आहे, मिरवणारा आहे, पण पोकळ नाही. उलट 'बघतो, करतो, नक्की होईल' यातला प्रत्येक शब्द सोपा आहे, आणि त्याहून पोकळ वाक्य ऑफिसच्या खिडकीत ऐकायला मिळत नाही.

तसंच अतिशयोक्तीचं. आचार्य अत्रे 'दहा हजार वर्षांत असा झाला नाही' या थाटात बोलायचे, हे आजही लोक हसत हसत सांगतात. पण त्याच अत्र्यांनी 1956 साली 'मराठा' दैनिक काढलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरवलं. ऐकणाऱ्याला माहीत असायचं की आकडा फुगवलाय, आणि हेही माहीत असायचं की मागणी खरी आहे. अशा बोलण्याला पोकळ नाही म्हणता येत.

आणि 'अघळपघळ'? तो शब्द तर जवळजवळ लाडाचा. पुलंनी आपल्या एका पुस्तकाला तेच नाव दिलं. पावसाळ्यातली दुपार, चहा, दोस्त आणि कुठून कुठेही जाणाऱ्या गप्पा, हे अघळपघळ. तिथे कोणी मुद्दा विचारला तर त्यालाच बाहेर काढावं. सगळ्या बोलण्यातून काम निघायला हवं असं थोडंच आहे? गडबड होते ती ऐकणाऱ्याला काम असतं आणि बोलणाऱ्याला नसतं तेव्हा.

वाफ काढायची कशी?

या पेपरात इंटर्न म्हणून आले तेव्हा माझी पहिली कॉपी सहाशे शब्दांची होती. आमच्या उपसंपादक मॅडमनी ती वाचली, तिसऱ्या परिच्छेदापाशी पेनाने एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "बातमी इथून सुरू होते. वरचं काय आहे?" वर माझे सर्वात लाडके शब्द होते. छापून आली ती अडीचशे शब्दांची. आणि खरं सांगते, तीच बरी होती. त्यांच्याकडून आणि त्या नोटिशीतून शिकलेल्या चार गोष्टी तुम्हालाही देते.

एक, पहिला परिच्छेद झाकून वाचा. काही बिघडलं नाही तर तो नमनाचं तेल होता. काढून टाका.

दोन, 'काय बोलले?' ही परीक्षा घ्या. तुमचं भाषण किंवा एसओपी मित्राला वाचून दाखवा आणि पाच मिनिटांनी विचारा, मी काय म्हटलं? त्याला एकही गोष्ट सांगता आली नाही, तर दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नाही.

तीन, विशेषण काढा, आकडा किंवा नाव घाला. 'भव्यदिव्य कार्यक्रम' म्हणजे किती लोक? 'विविध उपक्रम' म्हणजे कुठले? सांगता येत नसेल, तर ती वाफ आहे.

चार, दुसऱ्याला नावं ठेवताना शब्द नीट निवडा. 'तू फेकू आहेस' आणि 'तू जरा पाल्हाळ लावतोस' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याने मैत्री तुटते, दुसऱ्याने भाषण सुधारतं. वक्तृत्वाच्या तालमीत ज्युनियरला 'बकवास' म्हणण्याऐवजी 'मधला भाग शब्दबंबाळ झालाय, शेवट मस्त आहे' म्हणून बघा. त्याला नेमकं काय काढायचं ते कळेल.

मराठीने एवढे शब्द साठवलेत ते यासाठीच. रोगाचं नाव नेमकं कळलं की औषधही नेमकं देता येतं.

ती मैत्रीण अजून माझी मैत्रीण आहे. त्यानंतरच्या वर्षीही मी वर्गप्रतिनिधी होते, सहाय्य निधीची नोटीस पुन्हा आली, आणि ती तशीच होती, एक पानाची, उपरोक्त विषयास अनुसरून. मी फोटो टाकला नाही. फक्त लिहिलं, 'सहाय्य निधी. शेवटचा दिवस सोमवार, दुपारी दोनपर्यंत. दाखला नसेल तर मला फोन करा.' त्या मेसेजला अंगठे फार आले नाहीत.

फोन मात्र सात आले.